आकडा बसल्यावर

चर्चमधे प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी एका दमात पुढे जायची, आणि क्षमेची ओळ आली की पहिल्या बाकावरचा म्हातारा करवत्या तोंड मिटून घ्यायचा.

त्याचा आवाज मंडळीत सगळ्यात मोठा. जन्मभर ओंडक्यावर उभं राहून, खाली खड्ड्यात करवतीची दुसरी मूठ धरलेल्या माणसाला हाका मारलेला गळा तो. हळू बोलणं त्याला बापजन्मी ठाऊक नव्हतं. बाकीचे त्याच्या आवाजाला धरून प्रार्थना म्हणत, त्यामुळे तो थांबला की सगळ्यांच्याच पायाखालची पायरी हुकायची. ओळ तर केवढीशी. आम्ही दुसऱ्याला माफ केलं तसं आम्हालाही माफ व्हावं, एवढंच मागणं. ती संपली की म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा हजर, जसं काही झालंच नाही.

त्या मधल्या जागेत त्याच्या शेजारी बसलेल्या थोरल्या सुनेचा आवाज ऐकू यायचा. एरवी ती बोलली तरी शेजारच्याला कळत नसे, पण तेवढी ओळ ती खणखणीत म्हणायची. बायकांना तिचं फार कौतुक. नवरा गेला तो हिचा, आणि माफ करते ती हीच; म्हाताऱ्याचं काळीज मात्र दगडाचं, असं त्या आपसात म्हणत, आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. ज्याला माफ करायचं तो धाकटा मुलगा शेवटच्या बाकावर दाराशी बसलेला असायचा. तो कुठलीच ओळ म्हणायचा नाही. नुसते ओठ हलवायचा.

असं चौथं वर्ष चाललं होतं, आणि त्या वर्षी वारा सुटला. असा सुटला की नदीवरचा पूल मधोमध मोडला, चर्चमागचं जुनं झाड मुळासकट आडवं झालं, आणि त्याची एक फांदी छपरावर येऊन चर्चचं आढंच मोडलं. आढं म्हणजे छपराचा कणा. तो गेल्यावर दोन्ही बाजूंची कौलं मधे कोसळली. पुढच्या रविवारी उपासना उघड्या आभाळाखाली झाली. आभाळाखाली प्रार्थना हे बोलायला छान वाटतं. पाळकसाहेबांच्या टकलावर ऊन आलं तेव्हा प्रवचन निम्म्यात आटोपलं.

लाकूड कापायची गिरणी नदीपलीकडे, आणि पूल मोडलेला. झाड तर दारात पडलेलं होतं. ते कापून त्याचं आढं काढायचं तर अलीकडे एकच करवतीचा खड्डा होता, म्हाताऱ्याच्या अंगणात, आणि तो फळ्या टाकून बंद केलेला होता.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. म्हातारा ओट्यावर बसून करवतीच्या दातांवर कानस फिरवत होता. खड्डा बंद झाला तरी ती दोन माणसांची मोठी करवत तो दर महिन्याला घासून ठेवायचा. कुणासाठी, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

"खड्डा उघडावा लागेल, बाबा," पाळकसाहेब म्हणाले.

"का? गिरणीवाल्याचे हात मोडले का?"

"पूल मोडलाय. तुम्हाला माहीत आहे ते."

म्हातारा कानस घासत राहिला. सुनेने चहा आणून ठेवला. गोठ्याकडच्या छपरात धाकटा खुर्चीचा पाय रंधत होता. पाळकसाहेबांना बघून त्याने रंधा थांबवला आणि म्हाताऱ्याने मान वर केल्याबरोबर पुन्हा चालू केला.

"देवाचं घर आहे म्हणून उघडतो," म्हातारा शेवटी म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असतं तर नसता उघडला."

पाळकसाहेबांनी चहा संपवला तरी ते उठेनात. "आणखी एक बोलू?"

"बोला. तुमचं कामच आहे ते."

"ती ओळ नुसती तोंडाने तरी म्हणत चला. म्हणता म्हणता आत उतरते. माझा अनुभव आहे."

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली.

"साहेब, आमच्या कामातली एक रीत सांगतो. ओंडका खड्ड्यावर आणून टाकला की तो दोन सोटांवर, म्हणजे जाड वाशांवर, आडवा बसतो. मग दोन्ही टोकांना लोखंडी आकडे ठोकायचे. आकड्याचा एक दात ओंडक्यात, एक खालच्या सोटात. मग ओंडका घरंगळत नाही. ठोकणाऱ्याने ठोकून झालं की ओंडक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'बसला.' तो शब्द कानावर पडल्याशिवाय खालचा माणूस शिडीवर पाय ठेवत नाही. माझ्या बापाच्या वेळेपासूनची रीत आहे." तो थांबला. "माझा थोरला शब्द ऐकून उतरला. शब्द होता, साहेब. आकडा बसलेला नव्हता. आणि आता तुम्ही मला म्हणता, शब्द आधी म्हण."

छपरातला रंधा थांबला होता. पाळकसाहेबांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला आणि ते उठून गेले.

चार वर्षांपूर्वी झालं होतं ते इतकंच. धाकट्याने अलीकडचा आकडा नीट ठोकला होता. पलीकडचा त्याने हलक्या हातोडीने एक ठोका देऊन नुसता रोवला. मोठा घण छपरात होता, तो आणून पुरता ठोकणार होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने हाक मारली, "झालं का? ऊन चढलं." आणि धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "बसला." थोरला उतरला. म्हातारा ओंडक्यावर चढला. ओंडका फिरला, म्हाताऱ्याला त्याने बाहेरच्या अंगाला फेकलं आणि ओंडका आत खड्ड्यात, थोरल्यावर गेला. म्हाताऱ्याच्या कमरेत तेव्हापासून वाकडेपण आलं. थोरली सून नवऱ्यासाठी पाण्याची घागर घेऊन येत होती, तिने सगळं पाहिलं. घागर तिच्या हातातून पडलीसुद्धा नाही. ती तशीच धरून उभी होती.

म्हाताऱ्याने धाकट्याला घरातून काढलं नाही. बोलण्यातून काढलं. बाप आणि मुलगा एकाच छपराखाली काम करत, एकाच वेळी जेवत, आणि म्हाताऱ्याला काही हवं असलं की तो सुनेकडे तोंड करून म्हणे, "त्याला म्हणावं, सरस पातळ झालाय." धाकटा हातभर अंतरावर बसलेला असे. सून वळून म्हणे, "भाऊजी, सरस पातळ झालाय." धाकटा मान हलवे. नवखं माणूस घरी आलं तर त्याला वाटे की यातला एक जण बहिरा असणार, फक्त कोण ते ठरवता येत नसे.

धाकट्यानेही एक शब्द टाकला होता. त्या दिवसापासून तो 'बसला' असं म्हणेना. दाराची खुंटी असो की खाटेचा पाय, गिऱ्हाईक विचारी, "बसला का घट्ट?" तर तो नुसता वर चढून उभा राहून दाखवी.

आणि एक आवाज होता. दुपारी, सगळं सामसूम असताना, फळ्यांच्या खालून यायचा. करवत ओढल्याचा. खर्र, आणि मग काहीच नाही. करवतीला दोन आवाज असतात, खालच्याने ओढल्याचा आणि वरच्याने उचलल्याचा. इथे फक्त खालचा. म्हातारा जेवता जेवता हात थांबवायचा.

"पोरी, कोण ओढतंय?"

"वारा आहे, मामा."

"वारा असा दम घेऊन ओढतो होय?"

तिलाही तो ऐकू यायचा. मनात त्याला ती वारा म्हणत नसे. त्याला ती काय म्हणे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

फळ्या काढल्या त्या दिवशी गवंडी मदतीला आला होता. चर्चच्या भिंती त्याच्याच बापाने बांधलेल्या, त्यामुळे छपरावर आपलाही हक्क आहे असं तो समजायचा. खड्ड्यातून कुबट, आंबट वास वर आला. तळाला जुना भुसा काळा पडून गोळा झाला होता. भिंतीतल्या खिळ्याला एक कापड लोंबत होतं. खाली उभ्या माणसाच्या डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून डोक्याला आणि कपाळाला बांधायचं कापड ते. कुणी काढलंच नव्हतं.

"हे टाकून देऊ का?" गवंड्याने खालून विचारलं.

"हात लावू नकोस," सून म्हणाली. इतकी जोरात म्हणाली की म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

चर्चच्या ओंडक्याला हात लावण्याआधी म्हाताऱ्याने एका पडीक ओंडक्यावर करून बघायचं ठरवलं. आकडे त्याने स्वतः ठोकले, स्वतःच 'बसला' म्हटलं, गवंड्याला खाली घातलं आणि कमरेवर हात देत वर चढला. वरच्या माणसाचं काम डोळ्याचं असतं. काजळीत भिजवलेलं सूत ताणून मारलं की ओंडक्यावर काळी रेघ उमटते, ती रेघ धरून करवत न्यायची. खालच्याने फक्त ओढायचं. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

करवत चालू झाली. गवंडी ताकदवान गडी होता, पण तो भिंत पाडल्यासारखा ओढायचा. तरी म्हाताऱ्याने त्याला हाकेवर आणलं. हातभर काप गेला, दोन हात गेला. मग खालून भुशाने माखलेला आवाज आला.

"बाबा, बाहेर येऊन बघतो जरा."

गवंडी वर आला आणि रेघेकडे बघून गप्प उभा राहिला. रेघ एकीकडे राहिली होती आणि काप दुसरीकडे गेला होता. लहान पोरानेही मारला असता त्याहून वाकडा.

"सुतं दोन मारलीत का तुम्ही?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकच आहे, बाबा."

म्हातारा वाकला, बोटाने चाचपून रेघ शोधू लागला. बोट काजळीवरून गेलं आणि रेघ पुसली गेली. "मला दोन दिसतात," तो म्हणाला. त्याने ते इतक्या हळू म्हटलं की सुनेला भीती वाटली. छपरातून धाकटा बघत होता. म्हाताऱ्याला खाली उतरवायला गवंड्याने हात दिला, आणि म्हाताऱ्याने तो घेतला. आयुष्यात कुणाचा हात न घेता ओंडक्यावरून उतरलेला माणूस तो.

संध्याकाळी जेवताना म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या शोधायला हात फिरवला, तो धाकट्याने त्याच्या हाताशी सरकवला. म्हातारा पाणी प्यायला.

"त्याला म्हणावं," तो सुनेला म्हणाला, "उद्या वर तो उभा राहील. डोळे त्याचेच राहिलेत आता घरात. खाली मी उतरतो."

सुनेचा वाढता हात तसाच राहिला. "मामा, तुमची कंबर... खाली दुसऱ्या कुणाला घेऊ."

"दुसऱ्या कुणाला? त्याने ठोकलेल्या आकड्याखाली मी दुसऱ्याच्या पोराला उभं करू?"

धाकट्याने घास ताटात ठेवला. तो म्हाताऱ्याकडे न बघता, अगदी म्हाताऱ्यासारखाच, सुनेकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, बाबांना सांग, मी करणार नाही."

इतक्या वर्षांत त्याने उलटा निरोप पहिल्यांदा धाडला होता.

"त्याला म्हणावं, ठीक आहे," म्हातारा म्हणाला. "मग दर रविवारी चर्चमधे उभा राहा आणि छप्पर डोक्यावर धर."

धाकट्याला हसू आलं नसेल असं नाही, पण ते बाहेर आलं नाही. तो ताट घेऊन उठला. मोरीपाशी तो बराच वेळ उभा होता. सून भांडी घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माझे हात बघ." हात थरथरत होते. ती भांडी खाली ठेवून आत आली. तिला त्या हातांकडे बघवत नव्हतं, आणि का बघवत नाही याचा विचार तिने कधीच केला नव्हता.

सकाळी चर्चचा ओंडका आला. गवंडी, पाळकसाहेब आणि मंडळीतले चार जण यांनी तो लोटत आणून सोटांवर चढवला. जाडजूड, ओला, सालीतून अजून चीक गळणारा. पाळकसाहेबांचा अंगठा चेंगरला आणि त्यांच्या तोंडून असा एक शब्द गेला की सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

धाकट्याने घण उचलला. अलीकडचा आकडा ठोकला, पलीकडचा ठोकला. मग परत अलीकडे आला आणि तोच पुन्हा ठोकला. पहारीने ओंडका हलवून बघितला. तो हलला नाही. तरी पुन्हा पलीकडे गेला. आकड्याचे दात लाकडात पार गाडले गेले होते, आता ठोकलं असतं तर लाकूडच फुटलं असतं. त्याने घण खाली ठेवला आणि ओंडक्यावर हात ठेवला.

म्हातारा शिडीच्या तोंडाशी उभा होता. सून ओट्याच्या कडेला आली. चार वर्षांत ती ओट्यावरून खड्ड्याच्या अंगाला कधी उतरली नव्हती.

धाकट्याचे ओठ हलले. आवाज नाही. त्याने घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. मानेवरून घाम गळत होता आणि ओंडक्यावरचा हात पांढरा पडला होता. चौघे जण आपापल्या पायांकडे बघू लागले. पाळकसाहेब डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना असेल, अंगठाही असेल. सगळ्यांना कळत होतं की एक शब्द म्हटला की झालं.

म्हाताऱ्याने वाट बघितली. मग त्याने शिडीचा दांडा धरला, वाकडी कंबर सांभाळत पाठमोरा झाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बाबा!" धाकटा ओरडला. "मी अजून म्हटलं नाही!"

म्हातारा उतरत राहिला. एक पायरी, मग दुसरी. डोकं दिसेनासं झालं. खालून त्याच्या पायांचा भुशात रुतल्याचा आवाज आला, मग कापड झटकल्याचा. ओंडका त्याच्या डोक्यावर होता, आणि तो धाकट्याने ठोकलेला होता, आणि शब्द कुणी दिला नव्हता.

मग खालून ओंडक्यावर तळहाताची थाप पडली.

"बसला," म्हातारा म्हणाला.

धाकट्याने खड्ड्यात वाकून बघितलं.

"बसला रे. ऐकू आलं का? चढ वर. सूत मला दिसत नाही, तुलाच बघायचंय."

रे म्हणाला तो. सुनेकडे तोंड करून नाही. खड्ड्यातून सुनेचं तोंड दिसतच नव्हतं. धाकटा रडत रडतच वर चढला. बाहीने डोळे पुसले, करवतीची वरची मूठ धरली आणि म्हणाला, "चालू?" खालून उत्तर आलं, "ओढू का मेजवानीची वाट बघू?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते करवतीवर होते. खर्र, आणि मग वरचा आवाज. खर्र, आणि वरचा. कापाच्या मागे पाचर मारत, पुढे सरकत, पाणी पीत, पुन्हा सुरू. खालची मूठ थोरल्याच्या हाताने झिजलेली होती. तो डावखुरा होता, त्यामुळे मुठीची झीज उलट्या अंगाला होती. म्हाताऱ्याला आधी ती पकड जमेना. मग त्याने डावा हात वर घेतला, आणि बोटं आपोआप त्या खाचांत गेली. त्यानंतर त्याने हात बदलला नाही. दंड भरून आले, भुसा घामात चिकटून अंगाला खाज सुटली, कंबर तर जागेवर नव्हतीच, पण ओढ थांबली नाही. मधेच कधी करवत फार हलकी जायची.

विसाव्याला म्हाताऱ्याने खालूनच विचारलं, "तुला लागली का रे?"

"काय, बाबा?"

"ओढ. माझी नव्हे ती."

"लागली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची फळी सुटली आणि चौकोनी, सरळ आढं सोटांवर उरलं. रेघेपासून केसभरही हललेलं नव्हतं. सगळे जण त्यावरून हात फिरवू लागले. सून पाण्याची घागर घेऊन ओट्यावरून उतरली. खड्ड्याजवळ आली तेव्हा शिडीवरून एक माणूस वर येत होता. डोक्याला ते कापड बांधलेलं, भुवया, पापण्या, खांदे सगळं भुशाने पिवळं, आणि खड्ड्याच्या काठावर टेकलेला डावा हात.

"अहो," ती म्हणाली.

माणूस शिडीवर थबकला. भुशातून म्हाताऱ्याचे धूसर डोळे तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा त्याला नीट दिसला नसेल, पण शब्द त्याने ऐकला होता. त्याने हळूच डोक्याचं कापड सोडलं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं.

तेवढ्यात मागे गवंडी पाळकसाहेबांच्या अंगठ्यावरून काहीतरी बोलला आणि धाकटा हसला. मोठ्याने हसला. त्याच्या हसण्याचा आवाज अंगणात सगळ्यांना नवा होता आणि सगळ्यांना बरं वाटलं. सुनेला मात्र नाही. इतकी वर्षं तिने या माणसाला वाढलं, त्याचे कपडे धुतले, त्याचे निरोप पोचवले. तो मान खाली घालून जगत होता, म्हणून तिला ते जमत होतं. तो असा मान वर करून हसला आणि तिला वाटलं, हा हसतो कसा? घागर तिने आढ्यापाशी ठेवली आणि ती घरात गेली. ते कापड तिने धुतलं नाही.

आढं चढलं. एका बाजूची कौलं बसली, दुसरी बाजू अजून उघडी होती, त्यामुळे रविवारी अर्धी मंडळी सावलीत आणि अर्धी उन्हात बसली. दाराशी धाकटा नेहमीच्या जागी बसत होता, तर म्हाताऱ्याने पुढून हाक मारली, "इकडे ये." सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटा पुढे आला. म्हातारा मधे, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सून.

प्रार्थना सुरू झाली. म्हाताऱ्याचा आवाज पुढे, बाकीचे मागे. क्षमेची ओळ जवळ आली तशी मंडळी सवयीने थोडी सावध झाली, पायरी चुकू नये म्हणून.

ती आली आणि म्हाताऱ्याने म्हटली. पहिल्या शब्दाला आवाज फाटला, मग पुरती, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटली. मागच्या बाकावरच्या एकीने पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांचा आवाजही पुढच्या ओळीला अडखळला. सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते, त्यामुळे त्याच्या शेजारचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुनेने तोंड उघडलं होतं. चार वर्षं ती ही ओळ सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत आली होती. म्हाताऱ्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून म्हणत होती, घराची अब्रू राहावी म्हणून म्हणत होती. आज ती जागा भरली होती. आज तिला फक्त स्वतःपुरती म्हणायची होती, आणि ती येईना. तिने आत चाचपून बघितलं. शब्द होता. खाली काहीच ठोकलेलं नव्हतं.

आमेन झालं. मंडळी खाली बसली. ती उभीच राहिली. म्हाताऱ्याने तिचा पदर ओढून तिला बसवलं.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "मी नाही म्हटलं आज. मला नाही येत."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. त्याच्या पलीकडे धाकटा ताठ बसून होता, त्यालाही ऐकू गेलं होतं. म्हाताऱ्याने आवाज खाली आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ती कला त्याला कधी आलीच नव्हती, आणि तो जे म्हणाला ते दारापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"मग म्हणू नकोस, पोरी. घाई कुणाला आहे? बसल्यावर म्हण."